दाराआडची प्रार्थना : प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती माणसाला चारचौघांत प्रार्थना करायला शिकवावे लागत नाही. रविवारची उपासना किंवा मिस्सा, आठवड्यातली घरगुती प्रार्थना सभा, महिला मंडळाची बैठक, लेंटमधली क्रूसाची वाट, ऑक्टोबरमधली रोझरी, बारसे, लग्न, मयत, मुलाची परीक्षा, कोणाचे ऑपरेशन. प्रसंग कोणताही असो, चार माणसे जमतात, एक गीत म्हटले जाते, वचन वाचले जाते आणि कोणीतरी मोठ्याने प्रार्थना करते. ही आपली मोठी श्रीमंती आहे. आपले साहित्यही बरेचसे या जमावासाठीच घडले. १६१६ साली गोव्यात छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ जमलेल्या भाविकांना ऐकवण्यासाठी होते. नारायण वामन टिळकांची गीते ‘उपासना संगीता’तून आजही मंडळ्या एका सुरात गातात.

पण याच माणसांना कधी निवांतपणे विचारावे, की ऐकणारे कोणी नसताना, सभेची जबाबदारी अंगावर नसताना, तुम्ही एकटे देवासमोर शेवटचे कधी बसला होता? पुष्कळजण गप्प होतात. त्या गप्प होण्यात लपवाछपवी नसते, खंत असते. मग एक उत्तर येते : “वेळच मिळत नाही.” हे पुस्तक त्या उत्तराविषयी आहे.

या उत्तराला मी सबब म्हणणार नाही. पहाटे नळाच्या वेळेला उठणारी बाई, विरार लोकलच्या दारात उभा राहून कामावर जाणारा तरुण, रात्रपाळी संपवून आल्यावर मुलांचे डबे भरणारी नर्स, अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करणारा मुलगा, यांचा दिवस खरोखर भरलेला असतो. त्यांना आळशी म्हणणारे प्रवचन मला करायचे नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की एकांतातल्या प्रार्थनेसाठी वेळ आजवर कोणालाच आपसूक मिळालेला नाही. पहिल्या शतकातही नाही, मठातही नाही, डोंगरावरही नाही. तो नेमावा लागतो, आणि नेमलेला वेळ आजूबाजूच्या माणसांनी राखावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. म्हणून तिच्यावर मी अधिक भर देणार आहे.

आरंभ येशूपासूनच करायला हवा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात त्याच्या कफर्णहूममधल्या एका दिवसाचे वर्णन आहे. तो शब्बाथ होता. येशू सभास्थानात शिकवतो. तिथेच अशुद्ध आत्म्याने पछाडलेला एक माणूस ओरडू लागतो आणि येशू त्याला मोकळे करतो. तिथून तो शिमोनाच्या घरी जातो, तर शिमोनाची सासू तापाने फणफणलेली. तिलाही तो बरे करतो. सूर्य मावळतो, शब्बाथ संपतो, आणि मग सारे गाव आपापले आजारी घेऊन दाराशी लोटते. तो रात्री किती वाजता झोपला हे मार्क सांगत नाही. एवढे मात्र सांगतो, की पहाटे अंधार असतानाच येशू उठला, घराबाहेर पडला, एका निर्जन ठिकाणी गेला आणि तिथे प्रार्थना करत राहिला.

पुढचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. शिमोन आणि त्याचे सोबती येशूच्या मागावर निघतात आणि तो सापडल्यावर म्हणतात, की सगळे तुला शोधत आहेत. त्या बोलण्यात किंचित तक्रार आहे. गावात काम पडून आहे, लोक वाट पाहत आहेत, आणि तू इथे एकटा काय करतोस? येशू गावात परत जात नाही. आपण आसपासच्या इतर गावांत जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, कारण त्यासाठीच मी निघालो आहे, असे तो सांगतो. आदल्या संध्याकाळचे यश त्याला तिथेच थांबवू शकले असते. लोकांची मागणी खरी होती, त्यांचे दुखणेही खरे होते. तरीही आज कुठे जायचे हे लोकांच्या मागणीवरून ठरले नाही. पहाटे पित्याशी जे बोलणे झाले त्यातून ते स्पष्ट झाले. एकांतातल्या प्रार्थनेने वेळ वाचत नाही, काम हलके होत नाही. पण कोणत्या हाकेला ओ द्यायची आणि कोणती नाकारायची, हे तिथे कळू लागते. जो सगळ्यांना हवा असतो त्याला याची गरज सर्वांत जास्त. पाळक, फादर, सिस्टर, शिक्षक, मंडळीचे सेक्रेटरी आणि प्रत्येक घरातली आई यांनी हा उतारा स्वतःसाठी वाचावा.

हा अपवादाचा दिवस नव्हता. तो वेळोवेळी निर्जन ठिकाणी जाऊन प्रार्थना करत असे, असे लूक आवर्जून नोंदवतो. बारा प्रेषितांची निवड करण्यापूर्वी सबंध रात्र त्याने डोंगरावर प्रार्थनेत घालवली. पण शुभवर्तमाने हेही लपवत नाहीत, की त्याच्या एकांतात व्यत्यय येत असे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी आली तेव्हा येशू होडीत बसून एकांती जायला निघाला. लोकांना सुगावा लागला, ते काठाकाठाने चालत त्याच्या आधीच पोचले. येशूने त्यांना हाकलले नाही. त्याला कळवळा आला, त्याने आजाऱ्यांना बरे केले, पाच हजारांना जेवू घातले. आपण असतो तर इथेच म्हटले असते, की आज काही जमले नाही, उद्या बघू. येशूने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवले, लोकसमुदायाला निरोप दिला आणि संध्याकाळी एकटाच डोंगरावर गेला. एकांत पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही. तान्हे मूल असलेल्या बाईला, रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसाला या प्रसंगात मोठा दिलासा आहे. मूल रडले म्हणून पहाटेची प्रार्थना मोडली तर तिने देवाला दुखावले असे नाही. आधी मुलाला घ्यावे. फक्त संध्याकाळचा डोंगर विसरू नये.

गेथशेमाने बागेतली रात्र तर सर्वांना ठाऊक आहे. तिथे दोन गोष्टी आपण घाईने ओलांडतो. येशूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली तेव्हा तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे मत्तय सांगतो. म्हणजे रोज नवे, सुंदर शब्द सुचायलाच हवेत असे नाही. दुसरे असे, की जवळचे तीन शिष्य झोपी गेले आणि येशूने त्यांच्या झोपेची दखल घेतली. आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त असतो हे त्याने ओळखले. थकलेल्या शरीराकडे दुर्लक्ष करून प्रार्थनेचा विचार करता येत नाही. म्हणून या पुस्तकात झोपेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की प्रार्थना करायची असेल तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. ही आज्ञा ऐकून चाळीत किंवा वन-रूम-किचनमध्ये राहणारा माणूस कसनुसे हसतो. कुठली खोली आणि कुठले दार? पण ज्यांना येशू हे सांगत होता तेही बहुतेक गरीब होते. गालीलातल्या सामान्य घरांत एका अंगणाभोवती दोन-चार खोल्या असत आणि त्यांत सारा कुटुंबकबिला राही. स्वतंत्र खोली हा थोड्यांचा थाट होता. येशूला स्वतःला तर डोके टेकायलाही हक्काची जागा नव्हती. म्हणून तो डोंगरावर, बागेत, निर्जन रानात गेला. त्या आज्ञेचा रोख दाखवण्यासाठी केलेल्या प्रार्थनेवर आहे. नाक्यावर उभे राहून लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ तिथेच मिळते, कारण त्यांना लोकांची नजरच हवी असते. दार लावणे म्हणजे ती नजर बाहेर ठेवणे. ते गच्चीवर जमते, पहाटेच्या स्वयंपाकघरात जमते, रिकाम्या वर्गात जमते, दुपारच्या देवळात जमते. आणि आजच्या दिवसांत दार लावणे म्हणजे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, हेही स्पष्ट सांगायला हवे. ज्या फोनवर बायबलचे ॲप आहे त्याच फोनवर मंडळीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप आहे. प्रार्थनेपुरते कागदी बायबल हाती घ्यावे, हा माझा आग्रह आहे.

जुन्या करारातली तीन माणसे या वाटेवर आपल्या सोबतीला आहेत. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे सोसणारी हन्ना परमेश्वराच्या मंदिरात जाऊन मनातल्या मनात बोलते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटते, ही प्यायलेली आहे. एकट्याची प्रार्थना धर्माधिकाऱ्यालाही कधी कधी उमगत नाही, हे शास्त्राने इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. दुसरा दानीएल. परक्या देशात मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस यरुशलेमाच्या दिशेच्या खिडक्या उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. राजाने मनाई केली तेव्हा त्याने नवे काही सुरू केले नाही, पूर्वीपासून करत होता तेच चालू ठेवले. संकटात उपयोगी पडली ती आधीपासूनची सवय. तिसरा एलीया. जीव वाचवण्यासाठी रानात पळालेला, आता मरण दे म्हणणारा. त्याला देवाने लगेच डोंगरावर बोलावले नाही. आधी झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मग होरेब डोंगर, मग वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतरची ती शांत मंद वाणी. आणि शेवटी त्याला परत पाठवले ते कामे सोपवून. जो मनाने पार खचला आहे त्याच्या हाती आपण ‘एकांतात प्रार्थना कर’ एवढाच सल्ला देऊन निघून जाऊ नये. त्याला आधी जेवण, झोप, माणसांची सोबत आणि गरज असेल तर डॉक्टर हवा असतो. एलीयाशी देव असाच वागला.

पुढे चर्चच्या इतिहासातही ही नेमाची वाट तुटलेली दिसत नाही. ‘दिदाखे’ या अगदी प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितले आहे. तिसऱ्या शतकात इजिप्तमधला तरुण अँथनी चर्चमध्ये शुभवर्तमान ऐकून सर्वस्व वाटून टाकतो आणि रानात जातो. त्याचे चरित्र अथनेशियसने लिहिले आणि ते वाचून असंख्य माणसे एकांताकडे वळली. पण त्या चरित्रातला अँथनी जगाला पाठ फिरवून बसलेला नाही. ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा तो आलेक्सांद्रियाला आला आणि तुरुंगातल्या, खाणीतल्या बंदिवानांना धीर देत फिरला.

सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमात एक छोटे प्रकरण आहे. ते आपल्या प्रत्येक मंडळीच्या सभेत वाचले जावे असे मला वाटते. प्रार्थनागृह हे नावाप्रमाणे प्रार्थनेसाठीच असावे, तिथे दुसरे काही करू नये किंवा ठेवू नये. सामुदायिक प्रार्थना संपली की सर्वांनी शांतपणे बाहेर पडावे, म्हणजे कोणाला मागे राहून एकट्याने प्रार्थना करायची असेल तर दुसऱ्याच्या गलबल्याने त्याला अडथळा होणार नाही, असे बेनेडिक्ट सांगतो. एकांत ही प्रार्थना करणाऱ्या एकट्याची जबाबदारी नाही, भोवतालच्या साऱ्यांची आहे, हे त्याने नियमच करून ठेवले.

मार्टिन लूथरने १५३५ साली आपला न्हावी पेत्र याच्यासाठी प्रार्थनेवर एक छोटे पुस्तक लिहिले. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने एका कारागिराच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे, म्हणूनच ते आजही ताजे वाटते. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थनेचे असू दे. ‘थोडा थांब, तासाभराने करू, आधी एवढे उरकून घेऊ’ या विचारापासून सावध राहा, कारण तो विचार दिवस खाऊन टाकतो, असा त्याचा इशारा आहे. पद्धतही त्याने साधी दिली. शास्त्रातली एक आज्ञा घ्यावी आणि तिच्याशी चार प्रकारे बोलावे : ती मला काय शिकवते, तिच्यामुळे मी देवाचे आभार कशाबद्दल मानू, तिच्यापुढे मला काय कबूल करायचे आहे, आणि मी काय मागू. शिकवण, उपकारस्तुती, पापकबुली, विनंती. ज्याला ‘डोळे मिटल्यावर काय बोलायचे तेच सुचत नाही’ त्याने इथून सुरुवात करावी.

त्याच शतकात, स्पेनमध्ये, आविलाच्या तेरेसाने (१५१५–१५८२) कॅथलिक चर्चला प्रार्थनेचे धडे दिले. आपल्यावर प्रेम करणाऱ्याशी एकांतात वारंवार केलेले मैत्रीचे बोलणे, असे ती प्रार्थनेला समजे. पण आत्मचरित्रात तिने हेही मोकळेपणाने लिहिले आहे, की कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास संपण्याची ती वाट पाहत असे, घड्याळाच्या ठोक्यांकडे तिचे कान लागलेले असत. प्रार्थनेच्या थोर गुरूचा हा अनुभव. तेव्हा दहा मिनिटांत आपले मन बाजारात, बँकेत आणि भांडणात फिरून आले तर हताश होण्याचे कारण नाही. तेरेसा उठून गेली नाही, एवढेच तिच्याकडून घ्यायचे.

पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचे नाव अशा चर्चेत हमखास निघते. भांडी घासतानाही त्याला देवाचे सान्निध्य लाभे, मग वेगळ्या वेळेची गरज काय, असे विचारले जाते. काम हीच प्रार्थना, हे वाक्यही आपण सहज वापरतो. पण लॉरेन्स राहत होता त्या मठात प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि तो त्या पाळत होता. त्याच्या स्वयंपाकघरातल्या प्रार्थनेला त्या नेमाचा पाया होता. दिवसभर देवाशी बोलत राहावे हे खरेच, पण ज्या माणसाशी आपण कधीच निवांत बसत नाही त्याच्याशी येताजाता होणारे बोलणे हळूहळू ‘कसे आहात, बरे आहे’ एवढ्यावरच येते.

आपल्या मातीतही एकांत परका नाही. देहूजवळच्या भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर तुकोबा जाऊन बसत, हे मराठी मनात मुरलेले आहे. टिळक त्याच वारशातून आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापताना त्यांच्या मनात असलेले चित्र मिशनच्या चौकटीतल्या नोकरीचे नव्हते, भक्तीने जगणाऱ्या माणसांच्या बंधुत्वाचे होते. त्यांची ‘अभंगांजली’ वाचावी. तिच्यातला ‘मी’ आणि ‘तू’ एकमेकांशी बोलतात, तिसऱ्याला त्यात जागा नाही. आपण जे सगळे मिळून गातो ते कोणीतरी एकट्याने देवाजवळ बसून लिहिलेले असते. ते बसणे आपण सोडून दिले तर पुढच्या पिढीला गायला नवे काय देणार?

पंडिता रमाबाईंची साक्ष याहून स्पष्ट आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. तो भेटायला आणखी आठेक वर्षे जावी लागली. उपासना, सिद्धान्त, संस्था या सगळ्यांतून जाऊनही एक भेट उरते, ती ज्याची त्यानेच घ्यायची असते. ही भेट झाल्यावर रमाबाई गप्प बसून राहिल्या नाहीत. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणि विधवांना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले. तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. १९०५ साली मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झाले त्याआधी तिथल्या स्त्रिया महिनोन्‌महिने नेमाने प्रार्थना करत होत्या. आणि आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली. ते पुरे करून १९२२ साली त्यांनी देह ठेवला. शेकडो माणसांचा संसार सांभाळणारी बाई शब्दाशब्दाला देवापाशी थांबत होती. आपण तिच्याहून अधिक व्यग्र आहोत असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

नंतरच्या काळात मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि ख्रिस्ती आश्रमजीवनाची ती परंपरा पुण्यात रुजली. मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८ साली ‘साधना’ हे पुस्तक लिहिले. शरीर स्थिर करणे, श्वासाकडे लक्ष देणे, मौन, आणि मग शास्त्रातल्या प्रसंगात मनाने शिरणे अशी त्याची बांधणी आहे. डिमेलोंच्या काही लेखनाविषयी व्हॅटिकनने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हे वाचकाला ठाऊक असावे. माझ्या मते मौन हे प्रार्थनेचे अंगण आहे, घर नव्हे. शांत वाटणे हा प्रार्थनेचा हेतू धरला तर शांत न वाटलेल्या दिवशी आपण तिथून उठून जाऊ. आपण पित्यापाशी जातो. त्याने शांती द्यावी, रडवावे, की जाब विचारावा, हे त्याच्यावर सोपवतो.

एक आक्षेप गंभीर आहे. शेजारी उपाशी असताना दार लावून बसणे हा स्वार्थ नाही का? यशया संदेष्ट्याने उपासाचे अवडंबर माजवणाऱ्यांना खडसावले होते : अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. ज्याच्या एकांतातून मोलकरणीचा थकलेला पगार, भावाशी तुटलेले बोलणे, कामावर घेतलेली लाच यांच्याबद्दल एकही प्रश्न उठत नाही, त्याने आपली प्रार्थना तपासावी. पण उलटही खरे आहे. चारचौघांत आपण आपल्या चुका गोल शब्दांत सांगतो. नावानिशी कबुली दाराआडच होते, आणि तिथे झाली तरच बाहेर येऊन माणूस माफी मागायला जातो.

आता व्यवहाराचे थोडे. सुरुवात पंधरा मिनिटांनी करावी. तासाभराचा संकल्प पहिल्याच आठवड्यात मोडतो. वेळ रोज तीच असावी. पहाट उत्तम, पण रात्रपाळीवाल्याला दुपारही पहाटेइतकीच पवित्र आहे. आधी एक स्तोत्र, शक्य तर ओठ हलवून वाचावे. मग शुभवर्तमानातला छोटा उतारा, आणि लूथरने सांगितलेली चार पावले. मग माणसांची नावे : घरची, मंडळीतली आणि ज्याच्याशी आपले पटत नाही असे एक. शेवटी काही क्षण काहीच न बोलता बसावे आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून उठावे. शब्द आटले असतील त्या दिवशी एकटी प्रभूची प्रार्थना पुरे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसावरून एकदा नजर फिरवावी. इग्नेशियस लोयोलाने रोजच्या आत्मपरीक्षणाची ही सवय लावून दिली आहे. नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये, नेहमीइतकेच बसावे.

आणि मी आधी म्हटलेली दुसरी गोष्ट : नेमलेला वेळ आजूबाजूच्या माणसांनी राखणे. आपल्या घरांत पुरुषाने सकाळी बायबल उघडले तर घर आवाज कमी करते. त्याच वेळी बाई मात्र चहा, डबे, पाणी आणि शाळेची बस यांमध्ये असते. तिला ‘तुम्हीही वेळ काढा’ असे प्रवचनातून सांगणे अन्यायाचे आहे. तिचा वेळ तिच्या नवऱ्याने, मुलांनी, सासूने काढून द्यायला हवा : अर्धा तास चूल कोणीतरी सांभाळावी, मुले कोणीतरी घ्यावीत, आणि त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नये. ज्या घरात हे घडते त्या घरातली कौटुंबिक प्रार्थनाही निराळी होते. मंडळ्यांनीही आपला वाटा उचलावा. आपली किती देवळे रविवारची उपासना झाली की कुलूपबंद होतात! घरी दार नसलेल्या माणसासाठी देवळाचे दार रोज तासभर उघडे ठेवणे, तिथे पंखा, एक बायबल आणि शांतता एवढीच सोय करणे, हे कोणत्याही पाळकाला आणि वडीलमंडळाला जमण्यासारखे आहे. पाळकांची आणि फादरांची प्रार्थनेची वेळ हीही मंडळीने राखायची गोष्ट आहे. त्या तासात त्यांचा फोन लागला नाही तर त्यांच्याबद्दल कुरकूर करू नये. प्रेषितांनीसुद्धा जेवणाच्या वाटपाची जबाबदारी सात जणांवर सोपवली ती प्रार्थनेला आणि वचनाच्या सेवेला वाहून घेता यावे म्हणून.

पुढल्या प्रकरणांत यातला एकेक विषय सावकाश घेतला आहे : वेळ, जागा, शरीर आणि झोप, स्तोत्रांची प्रार्थना, मध्यस्थी, कोरडे दिवस, आणि शेवटी एकांतातून परत येणे. पुस्तक कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांसाठी आहे. दाराआड गेल्यावर दोघांचा पिता एकच आहे. ते सलग वाचण्यासाठी लिहिलेले नाही. एक प्रकरण वाचावे, आठवडाभर करून पाहावे आणि मगच पुढचे उघडावे.

वाचकाला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी उद्याची आपली वेळ आणि जागा ठरवा आणि घरच्यांना ती सांगा. मग त्यांना विचारा, की त्यांना कोणती वेळ हवी आहे, आणि ती राखण्याची जबाबदारी तुम्ही घ्या.